पंधरावं पान

आमचं कॉमिक माझ्या वहिनी लिहितात आणि मी काढतो. त्या दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतात आणि घरी आल्या की माझं पितात, असं मी दादासमोर म्हणतो. दादा ऐकूच न आल्यासारखं करतो. बायको आणि भाऊ या दोघांच्या मध्ये पडायचं नाही, एवढी अक्कल त्याला देवाने दिली आहे.

वहिनींचा एक नियम आहे. गोष्ट मला एकदम सांगायची नाही. एक पान लिहून द्यायचं, ते मी काढून दाखवलं की पुढचं. "शेवट कळला की तुम्ही मधलं सगळं उरकता, भाऊजी," असं त्या म्हणतात. खोटं कशाला बोलू, उरकतो मी.

आठ वर्षं आम्ही असं 'गळती' काढतोय. नायिका एक प्लंबरबाई. दर अंकात एक घर, एक गळका नळ, आणि तो दुरुस्त करता करता त्या घराचं काहीतरी बाहेर येतं. तीनशे प्रती छापतो, प्रदर्शनांत टेबल मांडून विकतो आणि उरलेल्यांवर दादा चहाचा कप ठेवतो.

गेल्या वर्षीचा अंक असा होता : इमारतीची टाकी रोज दुपारीच रिकामी होते, म्हणून प्लंबरबाईला बोलावतात. शोधत शोधत ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांकडे पोचते. बाथरूममधून शॉवरचा आवाज येतोय. आजोबा म्हणतात, "बायको आंघोळ करतेय, बसा." बाई बसते. अर्धा तास होतो, पाऊण तास होतो, शॉवर चालूच. चौदाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ती उठून दार ढकलते आणि आत बघून थबकते. वहिनींनी एवढंच लिहून दिलं होतं. आता आत मुडद्याशिवाय दुसरं काय असणार? मी बाईचे डोळे फाडले, तोंड वासलं, दाराच्या फटीतून वाफ सोडली. झकास जमलं.

पान दाखवल्यावर वहिनी जरा वेळ बघत राहिल्या. "उद्या देते पुढचं," म्हणाल्या.

त्या उद्याच्या आतच, मी रात्री नेटवर टाकलेलं ते पान बघून एका ॲपवाल्या बाईंचा फोन आला. अख्खं कॉमिक त्यांना नको होतं, शेवटची, दारातल्या बाईची एकच चौकट हवी होती. तिचं डिजिटल कलेक्टिबल करायचं, पन्नासच विकायची, प्रत्येकाला क्रमांक, आणि कुठली कुणाच्या मालकीची याची कायमची नोंद. दादाने विचारलं, "पण फोनवर चित्र तर कोणीही बघू शकतं ना? मग घेणाऱ्याला मिळतं काय?" "मालकी," मी म्हणालो. "कशाची?" म्हणाला. मी त्यालाच जुनाट ठरवलं.

ती दाराची चौकट एका दुपारी संपली. पन्नासच्या पन्नास! आठ वर्षं टेबलामागे उभं राहून मी एवढं कौतुक ऐकलं नव्हतं. ॲपवाल्या बाई म्हणाल्या, "अजून दारं द्या." मी दिली. लोखंडी दार, काचेचं दार, लिफ्टचं दार, आणि प्रत्येकासमोर डोळे फाडलेली प्लंबरबाई. आधी गोष्ट नाही, नंतर गोष्ट नाही, संवाद लिहायची कटकट नाही. मी असा काही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो की खाली वहिनी उभ्या आहेत हेसुद्धा विसरलो. पंधरावं पान मी मागितलं नाही आणि त्यांनी दिलं नाही. जिन्यात भेटलो की "चहा झाला का?" एवढंच. सात महिने गेले.

मग वाचनालयाच्या हॉलमध्ये कॉमिक्सचं प्रदर्शन भरलं. नवा अंक नव्हताच, तरी सवयीने मी टेबल मांडलं. दुपारी एक बाई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. गाडी चालवायला शिकवायचं काम करायच्या. टी-शर्टवर तसं लिहिलेलंच होतं. त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर माझी चौकट, क्रमांक एकतीस.

"ही तुम्ही काढलीत ना?"

"हो!" मी फुलून गेलो.

"मग आता सांगा, आत काय आहे?"

"म्हणजे?"

"अहो, दाराच्या आत. सात महिने रोज बघतेय. काय दिसलं हिला?"

मी घसा साफ केला. "ते आम्ही मुद्दाम वाचकांवर सोडलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चुकीचा गिअर टाकणाऱ्याकडे त्या तशाच बघत असणार. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही," म्हणाल्या.

भर हॉलमध्ये कुणी कान उपटावा तसं झालं मला. आधी राग आला. विकत घेतलंय तर गुपचूप बघावं, उलटतपासणी कसली करता? पण राग घरी पोचेपर्यंतसुद्धा टिकला नाही, कारण बाईंचं खरं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, इतके महिने मला स्वतःला तो प्रश्न पडला नव्हता.

मी थेट वहिनींच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या कांदा चिरत होत्या.

"वहिनी, पंधरावं पान द्या."

"कशाला? तुमची दारं चाललीयत की छान."

"द्या हो. एक वाचक विचारून गेली, आत काय आहे."

सुरी थांबली. "वाचक?" त्यांनी हात धुतले, फ्रिजवरच्या डब्याखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

आत कोणी नव्हतं. शॉवर नुसताच चालू. दांडीवर बाईमाणसाचा टॉवेल, कोरडा. आजोबांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. घर फार गप्प होतं म्हणून ते सकाळी शॉवर सोडून बाहेर बसायचे, म्हणजे ती आत आहे असं वाटायचं. प्लंबरबाई दार हळूच ओढून घेते आणि आजोबांना म्हणते, "आटपू द्या त्यांना. मी उद्या येते."

मला रडू आलं, आणि कांदा चिरून ठेवलेला होता हे बरंच झालं.

"माझा चेहरा चुकलाय," मी म्हणालो. "ही घाबरणार नाही. ही ओशाळेल. दुसऱ्याच्या घरात नको ते पाहिल्यासारखी."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही दाखवलात तेव्हाच. म्हटलं, उद्या पान देताना सांगू. तर तोवर तो पन्नास जणांना आवडला, भाऊजी. मग मी कोण सांगणारी?"

त्या हे अगदी साधेपणाने बोलल्या, आणि म्हणूनच मला कुठे तोंड लपवू असं झालं. "तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार?" मी म्हणालो. "पन्नास काय, पाचशे जणांना आवडू दे. चुकलंय तर चुकलंय म्हणा."

"चुकलंय," वहिनी लगेच म्हणाल्या, आणि हसल्या. सात महिन्यांचं साठलेलं होतं, चांगलं दोनदा म्हणून घेतलं.

तो चेहरा मी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसून पुन्हा काढला. पहिले सहा त्यांनी नापास केले. "ही दातदुखीची आहे." "हिला शिंक येतेय." सातव्याला नुसता चहा पुढे केला. इतकं बरं मला ती पन्नास विकली गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

अंक तीन महिन्यांनी छापून आला. कागद या वेळी जाड होता, तो ॲपच्याच पैशांतला. उगाच नावं ठेवणार नाही. पुढच्या प्रदर्शनाला वहिनीही आल्या, आठ वर्षांत पहिल्यांदा. गाडी शिकवणाऱ्या बाई आल्या तेव्हा मी आधीच हात जोडून सांगून टाकलं की तुमच्याकडचा चेहरा चुकीचा आहे, खरा अंकात आहे, वाटल्यास भांडा.

त्या भांडल्या नाहीत. टेबलाशी उभ्या राहून पहिल्या पानापासून वाचत गेल्या. पंधराव्या पानावर बराच वेळ थांबल्या. मग अंक मिटून म्हणाल्या, "दोन द्या."

"दुसरा कुणाला?" वहिनींनी विचारलं.

"बाबांना. एकटेच असतात. घरात दोन दोन रेडिओ चालू ठेवतात हो, दोन्हींवर माणसं बोलत असतात. मी गेले की आधी जाऊन एक बंद करते." त्यांनी दोन्ही अंक पिशवीत घातले. "आता नाही करणार."