मोरवली बंदरातला आरोग्य मार्ग

रत्नागिरीजवळच्या मोरवली बंदरात खाडीकाठी नव्या 'आरोग्य मार्गा'चं उद्घाटन होतं आणि डॉ. नम्रता नाकाला रुमाल लावून उभी होती. चकचकीत फरशांखालून मासळी कारखान्यांचं सांडपाणी वाहत होतं. वास मारायला कोणीतरी गुलाबपाणी शिंपडलं होतं. त्याने तो आणखीच किळसवाणा झाला होता.

पालिका, आरोग्य खातं आणि कारखानदार यांनी मिळून गाव निरोगी करायचं, म्हणून समिती नेमली होती. आरोग्य खात्याकडून नम्रता होती. आधी नाला वस्तीबाहेरून वळवू, त्यातून जाणारी पिण्याच्या पाण्याची गंजलेली पाइपलाइन बदलू, रस्ता मग, असं तिने दर बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रस्ताच आधी केला. पाइपलाइनीपुढे उभं राहून फोटो कोण काढणार?

पावसाळ्यात वाडीत कावीळ पसरली. बंदरावर चहा विकणाऱ्या जनीची सून दिशा गरोदर होती. ती वाचली, मूल गेलं.

समारंभाचा चहाही जनीकडूनच आला. कारखानदार सर्वेशशेठनी पहिला घोट घेतला.

"झकास. पाणी कुठलं गं?"

"हितल्याच नळाचं," जनी म्हणाली. "दुसरं कुठलं आणू?"

शेठचा कप हळूच खाली गेला. मग नगराध्यक्षांचा, मग इंजिनीअरचा. चहा उकळलेला आहे, काही होणार नाही, हे डॉक्टर म्हणून नम्रताला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनेही आपला कप टेबलावर ठेवला. जनीने ते पाहिलं. ती कप गोळा करू लागली.

नम्रताला शेठची किळस आली, त्याहून जास्त स्वतःची.

निवेदकाने तिला शालीसाठी बोलावलं. ती माईकपाशी गेली.

"शाल नको. आत्ता जो चहा आपण टाकला, त्याच पाण्यावर ही वाडी जगते. मीसुद्धा टाकला. हे पाणी पिण्यालायक नाही, असा लेखी आदेश मी आजच काढणार आहे."

"मॅडम, इथे नको," नगराध्यक्ष हसत कुजबुजले. "बैठकीत बोलू."

"बैठकीत दोन वर्षं बोलले, साहेब."

संध्याकाळपर्यंत आदेश निघाला. नळ बंद झाला, आणि कायद्याने भाग पडल्यामुळे पालिकेला टँकर लावावा लागला. पुढच्या आठवड्यात नम्रताचं नाव समितीतून काढलं गेलं. तिच्या जागी आलेले डॉक्टर फारसं बोलत नाहीत, असं तिला कळलं.

नाला अजून तिथूनच वाहतो. टँकर मात्र रोज येतो. ती एकदा वाडीत तपासणीला गेली, तेव्हा दिशा हंडा घेऊन रांगेत उभी होती, अजून अशक्तच. नम्रताने तिचे डोळे तपासले. पिवळेपणा उतरला होता.

"बाळासाठी पाळणा आणलेला," दिशा म्हणाली, आणि रांग पुढे सरकली तशी तीही सरकली.