सूर्योदयाआधीची तारीख

हिमानी सकाळपासून तिसऱ्यांदा यूपीएससीची जाहिरात वाचत होती. एक ऑगस्टला वयाची बत्तीस वर्षं पूर्ण झालेली नकोत. जन्म दोन ऑगस्ट १९९४ चा किंवा नंतरचा हवा. तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर एक ऑगस्ट होती. सहा प्रयत्नांतला शेवटचा एका दिवसाने हुकत होता.

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली.

"बाबा, नगरनिगमच्या जन्मदाखल्यावर दोन तारीख आहे. मग शाळेत एक कोणी लिहिली?"

देवदत्तशास्त्र्यांच्या पत्रिकांवर सगळ्या दूधविनायक मोहल्ल्याचा विश्वास. त्यांनी पंचांगातून मान वर केली. "मीच. तू पहाटे चारची. सूर्योदय झाल्याशिवाय आपल्यात दिवस बदलत नाही."

"त्यांच्यात रात्री बाराला बदलतो."

"मग पत्रिका दाखव. वेळेसकट आहे."

"पत्रिका चालणार नाही, असं नियमात नाव घेऊन लिहिलंय, बाबा. दहावीचं प्रमाणपत्रच चालतं."

तेवढ्यात शेजारच्या सुरेखाकाकू नव्या नातवाची पत्रिका करायला सांगायला आल्या.

"पहाटे साडेतीनला झाला हो, शास्त्रीजी."

शास्त्र्यांनी पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"पत्रिका करतो. पण शाळेत घालाल तेव्हा दवाखान्याची तारीख लिहा," ते म्हणाले. "मला विचारायला येऊ नका."

हिमानीने मोबाइल पालथा ठेवला. मग लगेच उचलून ती इथल्या, उत्तर प्रदेशच्या पीसीएस या राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा शोधू लागली.