हिरुणीच्या नावाचं पाणी

यसवतीचा आवाज गल्लीत सगळ्यात मोठा होता, आणि त्या आठवड्यात तर तो थेट कालव्यापलीकडे ऐकू जात होता. शेजारच्या जगतची सेनुली, पाच वर्षांची पोर, डेंग्यूनं हॉस्पिटलात पडली होती. आणखी तीन घरांत ताप होता. आणि नगरसभेच्या माणसांनी काय केलं, तर यंत्र लावून गल्लीभर धूर सोडला आणि गेले चहा प्यायला.

"पाण्यातल्या अळ्या काय धुराला भिऊन पळून जाणार?" असं तिनं आरोग्य निरीक्षक विक्रमारच्चीला भर रस्त्यात विचारलं. तो गरीब स्वभावाचा माणूस, नुसता मान हलवत राहिला. तिचा राग आणखीच भडकला.

तिला हे बोलायचा हक्क होता, असं गल्ली मानायची. दोन वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक, हिरुणी, याच तापानं गेली. ताप उतरला म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं, आणि ताप उतरल्यावरच ती गेली. तेव्हापासून यसवतीनं या डासाशी उभा दावा मांडला होता. घरात फुलदाणी नाही, अंगणात नारळाची करवंटी उताणी नाही, फ्रिजमागची ताटली रोज कोरडी.

पाणी होतं ते एकाच ठिकाणी. गल्लीच्या तोंडाशी, बसथांब्यावर, तिनं हिरुणीच्या नावानं पिन-तालिय बसवला होता. वाटसरूंनी प्यावं आणि त्याचं पुण्य वारलेल्या माणसाला लागावं, म्हणून ठेवतात तो माठ. लाल माती, जरा सैल लाकडी झाकण, करवंटीची पळी, वर छोटंसं पत्र्याचं छप्पर, आणि माठाच्या पोटावर पांढऱ्या रंगात लेकीचं नाव. पहाटे विकायची भाताची पुडकी बांधायला बसण्याआधी, अंधारातच, ती कळशी आणून माठ काठोकाठ भरायची. उरलेलं पाणी ओतून द्यायची नाही. दान दिलेलं पाणी गटारात कसं ओतायचं? वरून भर घालायची. रोज दोनचार पळ्या पाणी कमी झालेलं दिसायचं. कुणीतरी प्यालं, पोरीला पोचलं, एवढ्यावर ती दिवस काढायची.

तर तिचा संशय होता इटलीवाल्याच्या घरावर. घरमालक फोन्सेका कामाला मिलानला आणि इथं त्याचं अर्धवट बांधलेलं दुमजली घर कुलपात. वर गच्चीत पाणी साचलं असणारच, असं ती छातीठोकपणे सांगायची. शेवटी विक्रमारच्चीनं पोलीस आणून कुलूप तोडलं. यसवती त्यांच्या आधी जिना चढली.

गच्ची कोरडी ठणठणीत. स्लॅबला तडे गेलेले, सगळं पाणी खाली झिरपून गेलेलं. टाकीत वाळू.

"मग कुठं?" ती निरीक्षकावर खेकसली, जणू त्यानंच लपवून ठेवलंय. "आभाळातून पडतात का? चला, घरं बघा. माझ्यापासून सुरू करा!"

तिचं घर झालं, पलीकडची झाली. ती पुढं, निरीक्षक मागं. कुणाच्या मोरीतली बादली तिनं लाथेनं उलटी केली, कुणाच्या पन्हळीतला पाला हातानं उपसला. कुठंच काही हाती लागेना. दुपारच्या उन्हात सगळे थांब्यावर येऊन टेकले. जगतही आपली रिक्षा लावून तिथंच उभा होता. बायको दमयंती हॉस्पिटलात पोरीपाशी, आणि हा डबा पोचवायला निघालेला. विक्रमारच्ची घामानं निथळत होता. यसवतीला त्याची कीव आली. तिनं माठाची पळी उचलली.

"घ्या साहेब, पाणी प्या."

"नको अक्का. माझ्याकडं बाटली आहे."

"बाटली केव्हाची रिकामी झाली तुमची, मी बघितली. घ्या."

त्यानं पळीकडे बघितलं आणि मग जगतकडे. जगतनं मान खाली घातली.

तेवढं पुरलं तिला. तिनं माठावरचं झाकण काढलं. भर उन्हात त्या माठात तिनं कधी डोकावलंच नव्हतं. पाण्यात अळ्या होत्या. खाली-वर वळवळत होत्या, थोड्याथोडक्या नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" आवाज एकदम खाली आला, आणि तोच जास्त भीतिदायक होता.

"मागच्या फेरीला दिसल्या होत्या," विक्रमारच्ची म्हणाला. "पण अक्का, दानाच्या माठाला नोटीस कशी लावू? त्यातून तुमच्या मुलीचं नाव..."

"आणि तू रे, मल्ली?"

सख्ख्या धाकट्या भावाला म्हणावं तसं ती जगतला मल्ली म्हणायची. तो रडकुंडीला आला. "अळ्यांचं नव्हतं गं माहीत. पण कोणी पीत नाही आता. सगळ्यांकडं प्लास्टिकच्या बाटल्या असतात. तू पहाटे येशील, माठ भरलेलाच दिसेल, तुला वाईट वाटेल. म्हणून दमयंती रोज संध्याकाळी दोनचार पळ्या ओतून द्यायची. ती हॉस्पिटलात गेल्यापासून मी ओततो."

विक्रमारच्चीनं मग खालच्या मानेनं समजावलं. डास अंडी घालतो ती पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर, भिंतीला चिकटवून. पाणी खाली गेलं की अंड्यांना जागा. पाणी परत वर चढलं की अंडी फुटतात. संध्याकाळी ओतायचं, पहाटे भरायचं. याहून चांगली सोय डासाला कुणी केली नसती.

"चांगली माणसं!" यसवती ओरडली. थांब्यावरचे लोक वळून बघू लागले. "सगळी कशी चांगली माणसं! माझ्या पोरीच्या नावानं डास पाळले, आणि तोंडातून शब्द नाही काढला!" तिनं माठ दोन्ही हातांनी उचलून फरशीवर रिता केला. काथ्यानं आणि राखेनं आतून घासला, नखं तुटेपर्यंत. मग तो चौथऱ्यावर पालथा घातला. हिरुणीचं नाव उलटं झालं. झालं तर झालं.

संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन आला की सेनुलीचा धोका टळलाय. जगत धावत तिच्या दारात आला. हसत होता, रडत होता.

"अक्का, पाया पडतो तुझ्या. दमयंतीला माठाचं सांगू नको. पोर वाचली ना? आता कशाला तिच्या जिवाला घोर?"

पुन्हा तेच. पुन्हा गप्प बसा, वाईट वाटेल. तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून तिनं ती गिळली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दमयंती कपडे बदलायला घरी आली. थांब्यावर बसमधून उतरली आणि पालथ्या माठाकडे बघून थबकली. यसवती तिथंच पुडकी विकत बसली होती.

"अक्का, हे काय? माठ पालथा का? लोकांनी पाणी कुठं प्यायचं?"

चार दिवसांचं जागरण होतं दमयंतीच्या डोळ्यांत. तरी खोटं तेवढं जपून धरलेलं.

"लोक पीत नव्हते," यसवती म्हणाली. "तू ओतत होतीस. आणि त्यातच डास होते, दमयंती. तू ओतायचीस, मी भरायचे. सेनुलीला तेच चावले."

दमयंती पालथ्या माठाशेजारी चौथऱ्यावर बसली. मग तीही चिडली, अगदी यसवतीसारखीच, तोंड सोडून.

"मग काय करायला हवं होतं मी? रोज पहाटे माठात बघायचीस, आणि भरलेला दिसला की तिथंच रडत बसायचीस! मला नव्हतं बघवत!"

"मग रडू द्यायचं होतंस," यसवती म्हणाली.

तिनं एक पुडकं उचलून दमयंतीच्या मांडीवर ठेवलं. दमयंतीनं ते उघडलं नाही आणि परतही दिलं नाही.