पावणेसात अंश

तिसऱ्यांदाही पारा सहा अंशांच्या पुढे चढला नाही, तेव्हा भाचीचंच डोकं तापलं. आम्ल आणि अल्कली एकाच तापमानाला आणून समान मापाने थर्माकोलच्या पेल्यात मिसळली, की पारा जवळजवळ पावणेसात अंश चढायला हवा. उद्या बाहेरचे परीक्षक येणार होते. गेल्या वर्षी हाच प्रयोग त्यांच्यासमोर फसला होता. यंदाही फसला तर प्रयोगशाळेची मान्यता गेलीच म्हणून समजा, असं ते बजावून गेले होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे तिचे सख्खे मामा. ती त्यांच्याच हाताखाली शिकवायची. तिने द्रावणं नव्याने केली, पेल्यात दुसरा पेला बसवला, थर्मामीटरही बदलला. मामांचं आपलं एकच पालुपद, द्रावण पातळ झालंय. आणि पारा चढू लागला रे लागला, की हेच गृहस्थ झाकण उचलून थर्मामीटर पार नाकाशी नेणार! तेवढ्यात उष्णता निघून जाणार नाही तर काय होईल? पण ज्यांनी शिकवलं त्यांनाच हे सांगायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

चौथ्या वेळी मामांचा हात झाकणाकडे गेला आणि तिचा संयम सुटला.

"मामा, झाकण उघडू नका. याच चुकीसाठी तुम्ही मुलांना वर्गाबाहेर काढता."

"मग आकडा दिसणार कसा?"

तिने पाहिलं. पाऱ्याचं टोक झाकणाच्या चांगलं चार बोटं वर होतं आणि खिडकीचा उजेड थेट त्यावर पडला होता. कोणालाही दिसलं असतं. तिला आधी रागच आला. डोळ्यांचं हे इतके दिवस लपवायचं काय कारण होतं? मग वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

"पुन्हा करू," ती तुटकपणे म्हणाली. "तुम्ही ढवळा. मी वाचते."

या वेळी पारा पावणेसात अंश चढला. तिचा जीव भांड्यात पडला. उद्या परीक्षकांसमोर तुम्हीच उभे राहा, मी मागून हळूच आकडा सांगेन, असं तिने सुचवलं.

मामांनी थर्मामीटर पुसून तिच्या हातात दिला.

"आकडा मला पाठ आहे गं. न बघता सांगायचा असता, तर पहिल्याच वेळी पावणेसात सांगितला असता. उद्या तू वाच."