जुना पत्ता

टपालकाकांनी आयुष्यात एकच पत्र उत्तराविना ठेवलं होतं, तेही गेल्या महिन्यातलं. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्याच्या कार्यालयात पत्रव्यवहार त्यांच्याकडे असे. इंटरनेटच्या नव्या कंपनीनं लिहिलं होतं, 'जोडणी बदलल्यावर जुना पत्ता काढून सोबतचा नवा घालावा व तसं कळवावं.' कार्यालय तर जागचं हललं नव्हतं, मग पत्ता कसला बदलायचा? विचारावं, तर लोक हसतील. काकांनी उत्तराचे तीन मसुदे लिहिले, तिन्ही फाडले आणि ते पत्र वाचत्या पुस्तकात खूण म्हणून घातलं.

नवी जोडणी येऊन चार दिवस झाले, पण इंटरनेटचा पत्ता नव्हता. साहेबांच्या मेहुण्यानं लहरीबाबांना आणलं होतं आणि त्यांच्याभोवती अख्खं कार्यालय हात जोडून उभं होतं.

"जुन्या लाइनीचा जीव अडकलाय या डबीत!" बाबांनी राउटरकडे बोट केलं. "तोडा तिची वीज! मिटा डोळे! लहर... लहर... उघडा!"

डबीचे दिवे विझलेले, तरी लॅपटॉपवर इंटरनेट सुरू!

"अगं बाई, विजेशिवाय!" फोन घेणाऱ्या ताई पुटपुटल्या.

काका थकून खुर्चीत टेकले. हा तिसरा प्रयोग. बाबा असेपर्यंत इंटरनेट असे, ते गेले की तेही जाई. आज बाबांनी कारणही सांगितलं. "लादी पुसणारा ओला हात लागलाय डबीला. तो हात इथून गेला, की ही पीडा सुटली."

सगळ्यांच्या माना फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशींकडे वळल्या. साहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

"बारा वर्षं पुसतेय, साहेब. त्या डबीला कधी फडकं लावलं नाही. आता या वयात मला कोण कामावर घेणार?"

काकांनी आपल्या टेबलाकडे वळून पाहिलं. तिथला, डबीला तारेनं जोडलेला संगणक अजून ढिम्म होता.

"बाबा, माझा का नाही सुरू झाला?"

"श्रद्धा कमी पडते, आजोबा."

"असेल. पण ज्यांना तार नाही, ते सगळे चालतायत. तुमच्या लहरींना तारेचं वावडं आहे का?"

कुणीतरी फिसकन हसलं. काकांचे कान तापले, पण आता थांबणं जमेना. "ताई, लॅपटॉपवर वायफायचं नाव कुठलं दिसतंय?"

"आपलंच की."

"आपली डबी तर बंद आहे. मग आपलं नाव लावून कोण बसलंय?"

वायफायचं नाव आणि पासवर्ड दाराजवळ कागदावर लिहून चिकटवलेले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येतील असे. मावशींनी फडकं टाकलं, बाबांबरोबर येणारी आणि जाणारी त्यांची झोळी उचलली आणि तडक जिना उतरून त्या रस्त्यावर गेल्या.

"गेलं!" ताई ओरडल्या.

मावशी वर आल्या.

"आलं!"

झोळीत फोन होता, चांगलाच तापलेला. बाबांनी त्यावरून सोडलेल्या वायफायला कार्यालयाचंच नाव आणि पासवर्ड दिला होता. डबी बंद झाली, की सगळे लॅपटॉप फसून फोनला चिकटत.

"ती ऊर्जा असते..." बाबा चाचरले.

"हो ना," मावशी म्हणाल्या, "हा बघा ऊर्जेचा चार्जर."

मेहुण्यानं बाबांना जिन्यापर्यंत पोचवलं. तो स्वतःही परत आला नाही.

काकांनी पुस्तकातून पत्र काढलं. "साहेब, चूक मावशींची नाही, माझी. डबीत जुन्या कंपनीचे आकडे तसेच आहेत. डबीला नाव असतं तसा पत्ताही असतो आणि तो म्हणजे हे आकडे, हे मला आत्ता उमगलं. नवे आकडे या पत्रात आहेत."

ताईंनी डबी सुरू करून आकडे बदलले. काकांचा संगणक जागा झाला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साहेब मावशींना म्हणाले, "चुकलं माझं. उद्या या."

काकांना बाबांचा रागसुद्धा येईना, इतका शीण आला होता. 'मला कळत नाही' एवढं म्हणायची त्यांना लाज वाटली होती आणि त्या फटीतून बाबा आत शिरले होते. चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी तार कुठं जाते ते बघावं. कळलं नाही, तर विचारावं. हसणारे घटकाभर हसतात, पण न विचारण्यानं एखाद्याची भाकरी जाते.

या वेळी त्यांनी मसुदा केला नाही. 'आपलं पत्र मिळालं होतं. अर्थ कळला नाही आणि विचारायला लाजलो. पत्ता आज बदलला. उशिराबद्दल क्षमस्व.' पाकीट चिकटवून ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि पत्र पेटीत टाकलं.