न वाचता दिलेलं मत

मित्रांनो, मी एक जुनी डायरी आहे, तीही फुकटात आलेली. आखातातल्या अल हैल गावच्या एका टायरवाल्याने नव्या वर्षाला गिऱ्हाइकांना वाटलेल्या डायऱ्यांतली मी एक. माझ्या पानापानावर टायर आहेत आणि तारखा केव्हाच शिळ्या झाल्या आहेत.

मूळच्या वसईच्या रेजिना आंटींनी मला इथल्या घरी आणून पुस्तकांच्या कपाटाला सुतळीने बांधलं. दर शुक्रवारी संध्याकाळी आसपासची मराठी मुलं त्यांच्याकडून किशोरांच्या कादंबऱ्या नेत. कादंबऱ्या बहुतेक इंग्रजी; पण परत करताना माझ्यात मराठीतून चार ओळी मत लिहायचं, हा आंटींचा नियम. नुसतं ‘छान आहे’ चालत नसे. मुलं शाळेत इंग्रजीच बोलत, त्यामुळे माझ्या अंगावर शुद्धलेखनाची पार वाट लागली. त्याचं मला काही नाही. लॉईडने तर पुस्तकाच्या पाठीवरचाच मजकूर मराठी करून उतरवला होता. आंटींनी विचारलं, मग शेवटी गोष्टीतला कुत्रा सापडला का? लॉईड पुस्तक घेऊन पुन्हा घरी गेला.

खरी वाचण्यासारखी मतं निदाची. रत्नागिरीकडची ही चौदा वर्षांची मुलगी फटकळ होती, पण तिचा शब्द मानून बाकीची मुलं पुस्तक निवडत. मला तिचा अभिमान वाटे.

अ‍ॅश्ली तिची जिवलग मैत्रीण. गेल्या वर्षी अ‍ॅश्लीच्या वडिलांची हॉटेलातली नोकरी गेली आणि ते कुटुंब कायमचं वसईला निघालं. जाण्याआधी अ‍ॅश्लीने एक कादंबरी निदाच्या हातात दिली. देश सोडून जाणाऱ्या मुलीची गोष्ट होती. नक्की वाच, म्हणाली. निदा मात्र तिच्यावरच चिडली होती, जणू नोकरी अ‍ॅश्लीनेच घालवली. पुढच्या शुक्रवारी तिने पुस्तक परत आणलं आणि लिहिलं, ‘कंटाळवाणी. अशी मैत्री खोटी असते. कोणी वाचू नका.’ खूण अजून पहिल्याच पानावर होती.

त्याच संध्याकाळी अ‍ॅश्ली आंटींचा निरोप घ्यायला आली. तिने ते पान वाचलं, मला मिटलं आणि निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर निदा येईनाशी झाली. ती कादंबरी वर्षभर कोणी उघडली नाही. हळूहळू बाकीची मुलंही कमी झाली आणि माझ्यावर टीव्हीचा रिमोट राहू लागला.

यंदाच्या सुट्टीत निदा आली, कादंबरी घेऊन गेली आणि दोन दिवसांत परत आली. डोळे सुजले होते.

“आंटी, हे पान फाडू? मी वाचलंच नव्हतं.”

“फाडायचं नाही. मत बदललं तर खाली लिही.”

तिने लिहिलं, ‘पहिलं मत न वाचता दिलं होतं. पुस्तक चांगलं आहे. पण सगळी गोष्ट गेलेल्या मुलीची आहे. मागे राहिलेल्या मुलीला कोणीच काही विचारत नाही.’

आंटींनी पानाचा फोटो अ‍ॅश्लीला पाठवला. उत्तर चार दिवस आलं नाही. मित्रांनो, तेव्हापासून सांगते आहे, न वाचता मत देऊ नका. आणि दिलंच, तर खाली जागा ठेवा.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. आंटींनी ते अ‍ॅश्लीच्या नावाने निदाच्या मताखाली उतरवलं. एकच ओळ आहे.

‘मी विचारते. तू कशी आहेस?’