खंड्याचं केळवण

आमच्या आळीत कुणाला काही सांगावं आणि पस्तावावं. माझ्या दिशाला जर्मनीत नोकरी लागली आणि ती आमच्या कुत्र्यालाही बरोबर नेणार, एवढंच मी शेजारच्या साळूबाईला नळावर सांगितलं. संध्याकाळपर्यंत निम्मं भूगाव दारात. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "रजनी, कुत्रं इमानात बसतंय व्हय?"

बसतं. पण त्याआधी घरच्यांना स्वस्थ बसू देत नाही. आधी त्याच्या मानेत तांदळाएवढी चिप घालायची, मग लस, मग रक्त तपासायला पाठवायचं, मग तीन महिने वाट बघायची. चिपच्या आधी लस टोचली की सगळं मुसळ केरात. माझ्या स्वतःच्या पोरांच्या लसी मी इतक्या धाकानं लक्षात ठेवल्या नव्हत्या.

आणि हा हट्ट माझाच होता. दिशा म्हणत होती, "आई, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. खंड्याला इथंच राहू दे." मी म्हटलं, "त्यो जाणार नसंल तर तू बी जायाचं न्हाई." कारण साधं. परदेशी गेलेली पोरं मी बघितली आहेत. दोन वर्षांची पाच होतात, मग तिकडंच घर, मग व्हिडिओ कॉलवर दिवाळी. खंड्या अस्सल गावठी. त्याला कुठंही सोडा, घर शोधत येणारच. असा जीव पोरीजवळ असला की तिलाही घराकडं ओढील, असं माझं गणित. खुळेपणा म्हणा, पण मला झोप लागायची ती त्याच गणितावर.

प्राण्यांच्या प्रवासाची सोय करणारा जनार्दन पुण्याहून पिंजरा घेऊन आला. खंड्याचं माप आधीच घेतलेलं. "काकू, आत उभं राहून त्याला सहज गोल वळता आलं पाहिजे," तो म्हणाला. "नाही वळला तर विमानात घेत नाहीत." आत दिशाची जुनी ओढणी टाकली, आठवड्यात पठ्ठ्या त्यातच झोपायला लागला. मी म्हटलं, जिंकलं.

तेवढ्यात साळूबाईच्या डोक्यात आलं. "पोरगी सासरी निघाल्यावानी दोगं निघालीत. केळवण नगं व्हय?"

झालं! लग्नाआधी नवरीला घरोघर जेवायला बोलावतात, तसं या दोघांना बोलावणं सुरू झालं. दिशा "मावशी, डाएट आहे" म्हणून दोन घासांत सुटायची. खंड्याचं कसलं डाएट! पाटाभोवती रांगोळी, कपाळाला कुंकू आणि पुढ्यात दुधात कुस्करलेली पुरणपोळी. आळीतल्याच गंगूबाईनं त्यावर वरताण म्हणून मटण शिजवलं. मग बाकीच्यांचे रुसवे. "त्येंच्याकडं जेवतंय, आमच्या घराला काय इटाळ झालाय?" केळवणाला नाही म्हणायचं नसतं. आणि खरं सांगू, मला मौज वाटत होती. प्रत्येक घरी मी ठेवणीतलं लुगडं नेसून विहीणबाईसारखी मिरवत होते.

निघायला थोडे दिवस उरले तेव्हा जनार्दन बघायला आला. खंड्या ऐटीत आत शिरला, वळायला गेला आणि अडकला. नाक एका भिंतीला, ढुंगण दुसरीला. कसाबसा उलटा बाहेर काढला.

"काकू, हा तोच कुत्रा आहे ना?" जनार्दन म्हणाला.

मोठा पिंजरा घ्यायचा तर विमानाचं बुकिंग नव्यानं करावं लागणार, आणि दिशाची नोकरी काही थांबणार नव्हती. ती डोळे पुसत म्हणाली, "राहू दे ना आई. मी एकटी जाईन."

एकटी! माझं टाळकंच सटकलं. रस्त्यावर जाऊन ओरडले, "आजपासनं ह्या कुत्र्याला कुणी येक तुकडा जरी घातला, तर माझ्याशी गाठ हाय!"

साळूबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आली. "वराडतीस कशाला? आमी खाऊ घातलंय, आमीच जिरवतो!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आळी तळ्याच्या बांधावर. पाळीपाळीनं एकेक बाई कासोटा खोचून खंड्याला पळवायची, बाकीच्या मागून आरडाओरडा करायच्या. कानांत गाण्याची बोंडं घालून पळणारी बंगलेवाली माणसं घाबरून कडेला उभी राहायची. गंगूबाई तर लग्नानंतर पहिल्यांदाच पळाली म्हणे, आणि खंड्याच्याही पुढं गेली. खंड्याची जीभ हातभर बाहेर. पण रोज त्याची कंबर थोडी थोडी दिसायला लागली.

निघायच्या दिवशी अंगणात जत्रा भरली. गाडी दारात उभी. जनार्दन म्हणाला, "आता शेवटचं बघू." खंड्या आत गेला. दिशानं हाक मारली. पण अडकल्याची धास्ती त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. तो एकेक पाऊल मागं टाकत उलटाच बाहेर आला. पुन्हा आत घातला, पुन्हा उलटा बाहेर. दिशा रडवेली झाली.

मी त्याला परत आत लोटलं आणि त्याच्या मागं दारातच फतकल मारली. "खंड्या, ये रं माज्या सोन्या."

त्याचे कान हलले. क्षणभर थबकला आणि गर्रकन वळून माझ्या तोंडापाशी! कुठं घासला नाही की अडला नाही. आळीनं असा गलका केला की झाडावरचे कावळे उडाले. साळूबाईनं तर थाळी बडवली.

जनार्दन हसत म्हणाला, "पास! तिकडं पोचलात की पिंजरा विकून टाका. सगळे तेच करतात."

"हो, नाहीतरी ठेवायला जागा नाहीच," दिशा म्हणाली.

माझं हसू तिथंच थांबलं. "न्हाई इकायचा."

"अगं आई, एवढं मोठं धूड कुठं ठेवू?"

"डोक्यावर ठेव! पर इकायचा न्हाई! मग परत कशात घालून आणणार?"

आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. दिशा माझ्यासमोर उकिडवी बसली.

"खंड्याला ना?"

"व्हय. त्येलाच."

"आई," ती म्हणाली, "मी परत येणार आहे."

चिप, लस, रक्त, पिंजरा, सगळ्याची चौकशी मी शंभरदा केली होती. हे एक तेवढं विचारलं नव्हतं. उत्तर भलतंच आलं असतं तर? तिच्या गळ्यात पडून मी सगळ्या आळीदेखत भोकाड पसरलं. आणि आत खंड्या, मला काय झालं ते न कळून, गोल गोल फिरायला लागला.